ठमीची रिकामी वाटी

खण्ण!

धाकटा नुकताच झोपला होता. गिऱ्हाइकाच्या पँटची शिलाई उसवायला मी बसले होते आणि घर चिडीचूप होतं. स्वयंपाकघरात जाऊन बघते तर पाच वर्षांची थोरली कचऱ्याच्या डब्यावर ओणवी, हातात ठमीची स्टीलची वाटी. ठमी म्हणजे आमची मांजर.

"काय चाललंय?"

"काही नाही." मग ओठ काढून म्हणाली, "ठमी जेवतच नाही. मी पानात टाकलं की तू ओरडतेस. तिलापण ओरडशील, म्हणून..."

"किती दिवस?"

तिने बोटं मोजली. हाताची संपली तशी पायांकडे बघायला लागली.

मी तिच्या हातातली वाटी काढून घेतली. रोज संध्याकाळी वाटी लख्ख दिसायची आणि मी निर्धास्त. ठमीने टेबलावर उडी मारणं सोडलं, म्हटलं वय झालं. अंग चाटणं सोडलं, पाठीवर केसांच्या गाठी झाल्या, म्हटलं आळस. खाटेखालून बाहेर येईना, म्हटलं धाकट्याच्या रडण्याला वैतागली. खातेय ना, मग झालं तर!

खाटेखालून तिला उचललं. हाताला नुसते मणके लागले.

ठमी सोळा वर्षांची. लग्नानंतर माहेराहून मी आणलेलं हे एकच माणूस. नवरा तिला 'थोरल्या सासूबाई' म्हणतो. थोरली लेक झाली तेव्हा कितीतरी महिने माझा कशातच जीव रमत नव्हता. नळ सोडून न्हाणीघरात रडत बसायचे. पाण्याचा थेंब अंगावर पडला तरी पळणारी ही बया दार खरवडून आत यायची आणि ओल्या फरशीवर माझ्या पायाला टेकून बसायची. माझं रडणं संपेपर्यंत हलायची नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच दुपारी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी हळूच पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं.

"मूत्रपिंडं थकलीत. सलाईन लावून इथे ठेवलं तर थोडे दिवस वाढतील. पण पिंजऱ्यात."

"आधी आणलं असतं तर?"

"थोडा वेळ मिळाला असता. पण आता तिला दुखू नये एवढं बघू या."

नवऱ्याला फोन केला. "सासूबाईंना परक्या घरी कशाला..." म्हणाला. मग एवढंच, "घरी आण तिला."

दुखायला लागलं तर ताबडतोब यायचं, असं ठरवून आम्ही परतलो. वाटेत थोरलीने विचारलं, "मला ओरडणार?"

"नाही गं. पण यापुढे कुणी जेवलं नाही तर मला सांगायचं. मी कुणालाच ओरडणार नाही."

खाटेखाली जुनी गोधडी अंथरली. ठमी तिच्यावर बसली, हनुवटी टेकवली. पँट तशीच टाकून मीही फरशीवर आडवी झाले. काळजी होतीच, पण त्याहून मोठं काहीतरी छातीत दाटून आलं होतं. वेळ हातात असताना कळलं, हे काय कमी झालं!

"ठमे, फार केलंस गं माझं."

थोरली शेजारी येऊन पालथी पडली. "काय केलं तिने?"

"तू एवढीशी होतीस तेव्हा मला सांभाळलं."

"मग तू थँक्यू म्हणालीस?"

"आत्ता म्हटलं ना."

ठमीने डोळे सावकाश मिटले, सावकाश उघडले. थोरलीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिला कळलं का?"