दोन तबकड्या आणि एक भागाकार

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या स्वेटरांना टेकून बसलेली लाकडी पेटी म्हणजे मी. माझ्या तोंडावर दोन गोल तबकड्या आहेत. डावीकडचा काटा विजेचा दाब व्होल्टमध्ये दाखवतो आणि उजवीकडचा काटा प्रवाह अँपिअरमध्ये. आता मला कोणी विचारत नाही, पण एके काळी माझ्यावाचून एका दुकानाचं पान हलत नसे.

मला मिस्त्रींनी घडवलं. भंगारातल्या एका यंत्रावरून माझे दोन काटे आले आणि शिवणयंत्राच्या झाकणातून माझं लाकूड. मिस्त्रींशी नुकतंच लग्न झालेल्या काकूंनी मला आतून हिरवं कापड चिकटवलं. इस्त्री, शेगडी, गिझर, काहीही दुरुस्तीला आलं की आधी माझ्याशी जोडलं जाई. मिस्त्री काटे बघत आणि म्हणत, "दाबाला प्रवाहाने भागलं की आतला रोध कळतो. दोन्ही गुणले की किती वॅटचं काम होतंय ते कळतं. वस्तू फसवेल, भागाकार फसवणार नाही." गिऱ्हाइकांना त्यातलं फारसं कळत नसे, पण माझा काटा हलला की त्यांनाही धीर येई. किती सुखाचे दिवस होते ते!

मग एकदा एका शिंप्याची इस्त्री आली. माझा उजवा काटा चारवर होता. मिस्त्रींनी तीन वाचले. इस्त्री कमी तापते आहे असं समजून, ती जास्त तापावी म्हणून त्यांनी तिच्या आतली तार आखूड केली. दोन दिवसांनी शिंपी जळका कोट घेऊन दारात उभा राहिला.

"मिस्त्री, कोट परक्याचा आहे. आता मी त्याला काय तोंड दाखवू?" एवढंच तो म्हणाला.

मिस्त्रींनी माझ्या काचेवर टिचकी मारली. "पेटी म्हातारी झाली. तिच्यावर आता भरवसा नाही."

मित्रांनो, मला बोलता येत नाही. त्या दिवशी ते फार जड गेलं.

काकूंनी स्वयंपाकघरातून नवी किटली आणली. तिच्यावर ११५० वॅट असं छापलं होतं. ती त्यांनी मला जोडली. डावा काटा २३० वर गेला.

"उजवीकडे किती?" काकूंनी विचारलं.

"चार."

"अहो, पाच आहेत. आणि २३० पंचे ११५०. पेटी बरोबर आहे."

मिस्त्रींनी किटलीचा प्लग काढला. मग हळूच म्हणाले, "वर्ष होत आलं. आकडे पुसट दिसतात. तुला सांगितलं असतं तर दुकान बंद करायला लावलं असतंस."

"बंद कशाला?" काकू स्टूल ओढून शेजारी बसल्या. "आकडे मला वाचता येतात की."

तेव्हापासून काकू वाचत आणि मिस्त्री मनात भागाकार करत.

त्या हिवाळ्यात जवळच्या प्रसूतिगृहातून निरोप आला. दिवस भरण्याआधी जन्मलेलं एक बाळ ऊब देणाऱ्या यंत्राखाली ठेवलं होतं, पण त्याचे पाय गारच होते. दुसरं यंत्र दुपारनंतर येणार होतं. मला पिशवीत घालून दोघं लगबगीने गेली. सिस्टरांनी बाळाला आईच्या उराशी गुंडाळून ठेवलं होतं.

"दिवा तर लागतोय," सिस्टर म्हणाल्या. "मग बिघडलंय काय?"

मला जोडलं गेलं. काकूंनी वाचलं, "दाब दोनशे तीस. प्रवाह एक."

"यंत्रावर वॅट किती लिहिलेत?"

"चारशे साठ."

"म्हणजे प्रवाह दोन हवा आणि रोध एकशे पंधरा." मिस्त्रींनी डोळे मिटले. "आत्ता रोध दोनशे तीस. बरोब्बर दुप्पट, म्हणून ऊब निम्मी. आत तापणाऱ्या तारेच्या दोन कॉइल शेजारी शेजारी, वेगवेगळ्या जोडलेल्या असणार, त्यातली एक तुटली. मेन बंद कर, प्लग काढ, मगच हात लावायचा."

यंत्र निवलं तेव्हा त्यांनी झाकण उघडलं आणि बोटांनीच चाचपत गेले. एका कॉइलचं टोक जळून स्क्रूपासून सुटलं होतं. त्यांनी ते घासलं, घट्ट आवळलं. पुन्हा मेन सुरू झाला. माझा उजवा काटा उठला आणि मी सगळा जीव त्याच्या टोकाशी आणला.

"दोन," काकू म्हणाल्या. "अगदी दोनवर."

खोलीत ऊब पसरली तेव्हा सिस्टरांनी बाळाला पुन्हा यंत्राखाली ठेवलं. संध्याकाळी त्याचे पाय कोमट झाल्याचं त्या स्वतः सांगायला आल्या.

पुढे सहा वर्षं दुकान असंच चाललं. मिस्त्री गेल्यावर काकूंनी ते एकटीने चालवलं, भागाकारही स्वतः करून. नंतर आकडे आपोआप दाखवणारं छोटं मीटर आलं आणि माझी रवानगी या फळीवर झाली. दमट हवेने माझा डावा काटा अडकतो आता. तरी तक्रार नाही. नव्याला जागा द्यावीच लागते.

फक्त एक सांगणं आहे, मित्रांनो. जुन्या वस्तूला मोडीत काढण्याआधी एकदा ताडून बघा, दोष खरंच तिचा आहे का. आणि तुमच्या घरात कोणाला आकडे पुसट दिसू लागले, तर त्यांच्या हातचं काम काढून घेऊ नका. स्टूल ओढा, शेजारी बसा आणि वाचून दाखवा.