व्रोनीचा ओबो

गावच्या बँडमध्ये मी एकवीस वर्षं फ्लुगलहॉर्न हे पितळी शिंग वाजवलं. आता माझ्या हातात झांजा आहेत. फ्लुगलहॉर्न विकलं तेव्हा आमचा बँडमास्तर आउमायर म्हणाला, "बेर्टल, तू रांगेत नसलास तर खड्डा दिसेल. ह्या घे. एवढं तरी जमेल ना?" आउमायर धंद्याने खाटीक आहे, त्याचं प्रेमसुद्धा असंच कापून हातात येतं.

विकलं ते व्रोनीसाठी. व्रोनी माझी मुलगी. व्हिएन्नाला विद्यापीठाच्या संगीतशाळेत ओबो, म्हणजे पत्तीतून फुंकायचं लाकडी वाद्य, शिकत होती. आमच्या गावातून तिथे पोहोचलेली पहिलीच. तिथे फी नावापुरती असते, म्हणून लोकांना वाटतं, आता काय, फुकटात झालं. पण खोलीचं भाडं कोण देणार? सरकारी भत्ता मागितला, तर वडिलांचा पगार नियमात बसत नाही असं उत्तर आलं. मी बस चालवतो. माझा पगार भत्त्यासाठी जास्त आणि व्हिएन्नासाठी कमी. व्रोनी आठवड्यातून चार दिवस पहाटे बेकरीत उभी राहायची आणि तिथूनच वर्गात जायची.

फेब्रुवारीत तिचा फोन आला.

"बाबा, शाळेचा ओबो जूनअखेर परत करायचाय. दोनच वर्षं देतात, मग तो नव्या मुलांना जातो. स्वतःचा नसेल तर ऑक्टोबरपासून मी वाजवू कशावर?"

"मग घेऊ की एक."

"बाबा, व्हिएन्नाचा ओबो आहे तो. महाग असतो. आणि बनवणारे मोजके. आज नाव नोंदवलं तरी दीड-दोन वर्षं जातात."

मी हसलो. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण हसलो. व्हिएन्नावाले तळलेल्या मांसाच्या श्निट्झेललाही व्हिएन्नाचं म्हणतात, दुधाच्या कॉफीलाही तिथलंच नाव लावतात. बाकीचे आम्ही जणू दगड खातो! मला वाटलं, ओबोलाही नाव चिकटवून भाव वाढवलाय. लहानपणी तालुक्याच्या शाळेत ती ओबोच तर वाजवायची. ओबो म्हणजे ओबो.

"तू फक्त वाजव," मी म्हणालो. "बाकीचं तुझा बाप बघतो."

बँडच्या सरावाला मी हे बोललो, आणि गाव कामाला लागलं. आउमायरने पैसे जमवायला काढलेल्या सोडतीत बक्षीस म्हणून एक अख्खं डुक्कर दिलं. बँड तीन लग्नांत वाजला, एक पैसा कुणी घरी नेला नाही. ट्यूबाचा अवजड पितळी भोंगा वाजवणाऱ्या पोल्डीआजोबांनी नव्या दातांसाठी ठेवलेलं पाकीट आणून दिलं आणि म्हणाले, "चावायला सूप आहे." राहिलेली भर माझ्या फ्लुगलहॉर्नने घातली. सीमेपलीकडच्या पासाउ शहरातल्या एका वारलेल्या वादकाच्या बायकोकडे ओबो मिळाला. काळंभोर लाकूड, चांदीच्या कळा. व्रोनीला विचारायचं नाही, अचानक द्यायचा, असं सगळ्यांनी ठरवलं. माझाही होकार होता.

मेच्या पहिल्या रविवारी, चर्च सुटल्यावर, अग्निशमन दलाच्या शेडमध्ये सारं गाव बिअर घेऊन बसलं होतं. व्रोनी दोन दिवसांसाठी आली होती. आउमायरने पेटी तिच्यापुढे ठेवली. तिने झाकण उघडलं आणि बघतच राहिली. ओबोच्या खालच्या तोंडाला चांदीचं कडं होतं, त्यावर आम्ही आमच्या बँडचं नाव आणि तिचं नाव कोरून घेतलं होतं. आउमायरने ते मोठ्याने वाचून दाखवलं. पोल्डीआजोबा रडायला लागले.

"वाजव ना गं!" लोक ओरडले.

तिने पेटीतलीच एक जुनी पत्ती ओठांत धरून ओली केली आणि ओबोला लावली. गावचीच एक साधी चाल धरली. दोन-तीनदा बोटं अडखळली, एक सूर नको तिथे गेला. सगळ्यांना वाटलं, पोरीचा ऊर भरून आलाय. मलाही तेच वाटलं. मी झांजा घेऊन मागे उभा होतो आणि मला इतका अभिमान वाटत होता की काय सांगू.

जूनच्या शेवटी गावातल्या म्हाताऱ्यांची सहल घेऊन मी व्हिएन्नाला गेलो. त्यांना राजवाड्याच्या बागेत सोडलं आणि दुपारी चारला व्रोनीच्या वर्गाचं वादन ऐकायला गेलो. तिला सांगितलं नव्हतं. सात मुलं एकेक करून पुढे आली. सगळ्यांचे ओबो सारखे होते. आम्ही घेतला त्याहून आखूड, आणि वरच्या टोकाला गाठीसारखा फुगवटा. मग व्रोनी आली. तिच्याही हातात तसाच होता. तिने असं वाजवलं की शेजारची बाई चष्मा काढून बसली. मी मात्र त्या फुगवट्याकडेच बघत होतो.

जिन्यात ती भेटली. मला बघून आधी हसली, मग तिला कळलं की मला कळलंय.

"ह्याच्या कळाच वेगळ्या, बाबा. बोटं वेगळी, फुंक वेगळी, पत्तीसुद्धा वेगळी. आपला फ्रेंच पद्धतीचा आहे. जगभर चालतो, फक्त ह्या वर्गात नाही."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"कधी बोलू? आउमायरकाका नाव वाचत होते तेव्हा?"

"विकून टाकू."

"बँडचं नाव कोरलंय त्यावर. पोल्डीआजोबा अजून सूपच पितायत. आणि विकून नवा कधी येणार? दोन वर्षांनी?"

"मग लिन्झच्या संगीतशाळेत जा. तिथे चालत असेल हा."

"तिथली प्रवेशपरीक्षा होऊन गेली. आणि दोन वर्षं मी तालुक्याच्या शाळेतली हीच जुनी बोटं विसरायला घालवलीत, बाबा."

"मी गावात सांगतो. चूक माझी आहे."

"कोणाला काही सांगायचं नाही." एवढंच ती जोरात बोलली. मग हळूच म्हणाली, "तू झांजा धरून उभा होतास. ते बघितल्यावर मी कुठल्या तोंडाने बोलणार होते?"

बायकोने दिलेला केकचा डबा मी तिच्या हातात दिला. सहाला म्हाताऱ्यांना बागेतून घ्यायचं होतं, म्हणून निघालो. दुसऱ्या दिवशी तिने शाळेचा ओबो परत केला.

ऑगस्टमध्ये ती सामान घेऊन घरी आली. "एक वर्ष सुट्टी घेतलीय," असं सगळ्यांना सांगते. तालुक्याच्या बेकरीत कामाला लागली. पहाटे माझ्याच पहिल्या बसने जाते, अगदी पुढच्या सीटवर बसते, आणि आम्ही हवापाण्याबद्दल बोलतो. गावातले लोक बसमध्ये चढताना विचारतात, "काय व्रोनी, आपला ओबो कसा काय?" ती म्हणते, "मस्त." रात्री खोलीत ती तो वाजवते, हे मला भिंतीतून ऐकू येतं. बोटं परत जुन्या जागी बसायला लागलीत. मी बाप आहे, मला ते नको आहे, पण मी काय करू?

सप्टेंबरात सुगीच्या मिरवणुकीआधी आउमायर घरी आला. हातात बँडचा हिरवा कोट, चांदीच्या बटणांचा.

"अंदाजाने शिवलाय. आमच्या बँडला आजवर ओबो नव्हता, आता आहे. घालून बघ गं."

व्रोनीने कोट घातला. खांद्यात, बाह्यांत, कुठेही टाका बदलायला नको होता.

"बघ!" आउमायर मला म्हणाला. "न विचारता शिवला, तरी कसा बसला!"

व्रोनीने त्याचे आभार मानले आणि माझ्याकडे न बघता एकेक बटण लावत गेली.