जबडेबुवांचा ‘कट्’

‘‘कट्!’’

आवाज झाला आणि टायरच्या दुकानावरच्या हॉलमधली सगळी माणसं ‘आऽऽ’ करून एक पाऊल मागे सरकली. खुर्चीत बसलेल्या शिंप्यानं गाल चाचपला, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

‘‘उघडतंय की हो!’’ तो ओरडला. ज्यांचा जबडा जन्मात दुखला नव्हता अशीही माणसं मग नंबर लावायला धावली.

‘‘हा हाडाचा आवाज नव्हे, बाळांनो,’’ जबडेबुवा तेलकट हात हवेत फिरवत म्हणाले. ‘‘माणूस दिवसभर किती शब्द गिळतो! साहेबाला बोलायचे, बायकोला बोलायचे. ते जातात कुठे? इथं, कानापुढच्या सांध्यात! तिथं त्यांची गाठ बसते. आम्ही ती फोडतो.’’

सासूबाईंनी सुनेला कोपरानं ढोसलं. ‘‘ऐकलंस? तुझीही तीच गाठ.’’

‘‘अहो आई, मी कुठे शब्द गिळते? दिवसभर बोलतच तर असते.’’

‘‘घरी?’’ सासूबाईंनी विचारलं आणि तिला रांगेत पुढे ढकललं.

सून बस स्थानकावर निवेदिका होती. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल हे माईकवरून सांगायचं, हे तिचं काम. पण अलीकडे तोंड उघडलं की उजव्या कानापुढे अशी कळ यायची, की ‘फलाट’मधला ‘फ’ बाहेर पडायचा आणि ‘लाट’ आतच राहायची. ‘‘जमत नसेल तर तिकीट खिडकीत बसा,’’ असं साहेबांनी सुनावल्यापासून तिचा धीर सुटला होता. माईकवर तिचा जीव होता.

तिचा नंबर आला. बुवांनी घडी घातलेला जाड टॉवेल तिच्या गालाला लावला, कोमट तेलानं दुसरा गाल चोळला, मग हा चोळला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि कट्! तिला खरंच हलकं वाटलं. बुवांनी एक लाकडी गोळी हातावर ठेवली. ‘‘रात्रभर दाढेत घट्ट आवळून झोपायचं. उरलेली गाठ ही ओढून घेईल. आणि डॉक्टरकडे गेलीस तर आमची विद्या उलटेल, सांगून ठेवतो!’’

गोळी चावून चावून आठवड्याभरात तिचं तोंड जेमतेम एक बोटभरच उघडायला लागलं. बुवा म्हणाले, गाठ चिवट आहे, रविवारी मानेला झटका देऊन फोडू. झटका म्हटल्यावर मात्र तिची पाचावर धारण बसली. तिनं नणंदेला फोन केला. नणंद फिजिओथेरपिस्ट. ती तशीच धावत आली.

‘‘वहिनी, हा चावायचा स्नायू बघ, दगड झालाय नुसता,’’ गाल चाचपत ती म्हणाली. ‘‘काळजीनं तू दात आवळून धरतेस, त्यात रात्रभर ती गोळी. दमलेल्या हमालाच्या पाठीवर आणखी एक पोतं!’’

‘‘पण तो आवाज?’’ सासूबाई हार मानेनात. ‘‘साऱ्या हॉलनं ऐकला!’’

नणंदेनं डब्यातला कडक टोस्ट आईपुढे धरला. ‘‘दोन्ही कानांत बोटं घाल आणि हा खा. थांब, मीच भरवते.’’

सासूबाईंनी टोस्ट चावला आणि त्यांचे डोळे विस्फारले. ‘‘अगंबाई! डोक्यात गिरणी सुरू झाली!’’

‘‘आपल्या जबड्यातला आवाज हाडातून थेट कानात जातो. कान बंद केले की तो आणखी मोठा वाटतो. तो ‘कट्’ वहिनीच्या सांध्यातला असेल, तर सगळ्यांत मोठा तिलाच ऐकू यायला हवा. रविवारी बघू या. झटक्याची वेळ आली तर मी आहेच.’’

रविवारी निवेदिका कानांत बोटं घालून खुर्चीत बसली.

‘‘हे काय?’’ बुवांनी भुवया चढवल्या.

‘‘तेल जातं हो कानात,’’ त्यांच्या भुवया बघून तिनं साळसूदपणे सांगितलं. एवढ्या गर्दीपुढे बुवा काय बोलणार! टॉवेल लावला, गाल चोळले आणि कट्! गर्दी हुरळली. निवेदिका मात्र ढिम्म.

तिनं बोटं काढून विचारलं, ‘‘कधी फोडताय?’’

‘‘फोडली की! ऐकू आली नाही?’’

‘‘गाठ माझ्या जबड्यात फुटली, साऱ्या हॉलला कळलं आणि मलाच पत्ता नाही?’’

मागून कुणीतरी फिसकन हसलं. ‘‘शंका आली की गाठ दुप्पट होते!’’ बुवा गरजले आणि त्यांनी तिची हनुवटी पकडली. नणंदेनं पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. त्याच क्षणी सासूबाईंनी टॉवेल हिसकला. घडीतून एक झाकण टणकन पडलं आणि गोल फिरत शिंप्याच्या पायाशी आडवं झालं. जॅमच्या बाटलीचं झाकण, मधोमध फुगीर असतं तसं.

सासूबाईंनी ते उचलून मधोमध अंगठा दाबला. कट्! पुन्हा दाबला. कट्!

‘‘अगंबाई, या झाकणानं केवढे शब्द गिळलेत!’’

हॉल खदखदून हसला. ‘‘झाकण हे केवळ निमित्त...’’ असं काहीसं म्हणत बुवा जिन्यापर्यंत पोचले आणि चपला तिथंच टाकून खाली पळाले.

शिंपी तेवढा हसला नाही. ‘‘पण ताई, मला खरंच बरं वाटलं होतं,’’ तो हिरमुसून म्हणाला.

‘‘वाटणारच,’’ नणंद त्याच्याजवळ बसली. ‘‘कोमट तेलानं चोळलं की आखडलेला स्नायू सैल पडतो. एवढंच सांगितलं असतं, तर माझी काही तक्रार नव्हती. बोटं गालावर ठेवा, हलकेच गोल फिरवा. वरचे-खालचे दात सुटे असू द्या. थोडे दिवस मऊ खा. तोंड उघडायचंच बंद झालं, तर डॉक्टरांना दाखवा.’’

आणि मग सगळा हॉल आपापले गाल चोळत बसला.

निवेदिकेचा जबडा काही एका झटक्यात बरा झाला नाही. रोज शेक, मालीश, व्यायाम. कधी सुधारणा, कधी पुन्हा ठणका. तरी हळूहळू तोंड पुरतं उघडू लागलं आणि माईक तिच्याकडेच राहिला.

कशानं बरं वाटलं तर आनंदच आहे. पण नेमकं कशानं वाटलं, हे तोंड उघडून विचारायला काय हरकत आहे? विचारलं म्हणून खरा उपचार जागचा हलत नाही. चपला टाकून पळावं लागतं ते खोट्याला.