तिसऱ्या घावाआधी

“खाली दोन, वर एक! आजोबा, तिसरा डोक्यावर येणारे, अडवा!”

मुरलीधररावांनी उजवा अंगठा उचलून पुन्हा बटणावर टेकवला. टीव्हीच्या पडद्यावर त्यांच्या जाडजूड पहिलवानाने हात वर केले आणि वल्लरीच्या लाठीवालीचा घाव त्या हातांवर अडला.

“अडवला,” ते म्हणाले. “बघितलंस? अडवला.”

“क्या बात है, आजोबा!”

“अहो,” जेवणाच्या टेबलावरून लतिकाबाईंचा आवाज आला, “तो पहिलवान रिकामा झाला असेल तर इकडे मेथी निवडायला पाठवा. हात चालतोय म्हणता ना?”

“मेथी त्याच्या वजनगटात बसत नाही.”

“बसत नाही काय! खाताना बरी बसते.”

वल्लरी हसली आणि तिने पुन्हा डाव लावला.

दिल्लीलगतच्या वैशालीतल्या त्या फ्लॅटमध्ये दुपारी ही तिघंच असत. मुलगा उन्मेष आणि सून हेमांगी सकाळी गुडगावला निघत, ते रात्रीच्या जेवणाला परत येत. वल्लरी त्यांची एकुलती मुलगी, अकरावीत. मुरलीधररावांनी आर. के. पुरमच्या सरकारी शाळेत नोकरीभर गणित शिकवलं होतं. निवृत्तीनंतर इथे राहायला आल्यावरही त्यांना स्वस्थ बसवेना. सोसायटीचे गार्ड, कामाला येणाऱ्या बायका, त्यांची मुलं खालच्या हॉलमध्ये संध्याकाळी त्यांच्याकडे येऊन बसू लागली. मग एक दिवस फळ्यावर अपूर्णांक लिहिताना खडू हातातून गळला. उचलायला वाकले, तर उजवी बाजूच उचलेना.

पाय सावरला. हात मागे राहिला. फिजिओथेरपीवाल्याने रबराचा चेंडू दाबायला दिला होता. चेंडू दाबायचा, सोडायचा, दाबायचा. त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं आणि शिकवण्यासारखं त्याहून कमी. चेंडू सोफ्याखाली जाऊन पडला. तेव्हा वल्लरीने तिच्या गेमचा कंट्रोलर त्यांच्या हातात ठेवला होता.

सुरुवात ट्यूटोरियलपासून झाली. मोकळ्या मैदानात एक करडा माणूस उभा, समोर लाठीवाली, खाली कुठलं बटण दाबायचं ते लिहिलेलं. दाबलं की तो माणूस अडवायचा. चुकलं की मार खायचा आणि धडा पहिल्यापासून सुरू. ओरडणं नाही, घड्याळाकडे बघणं नाही. “मास्तर चांगला आहे,” मुरलीधरराव म्हणाले होते. या खेळात बटण दाबून धरलं तर काही उपयोग नसे. प्रत्येक घावाला ते सोडून नव्याने दाबावं लागे, आणि तिथेच त्यांचा अंगठा कमी पडे. दोन घाव अडत, तिसरा डोक्यात बसे.

डोळे मात्र त्यांचे शाबूत होते. दुपारी जेवताना वल्लरी मोठ्या स्पर्धांचे व्हिडिओ लावायची. कुठकुठल्या देशांतली मुलं, समोर हजारोंची गर्दी. मुरलीधरराव आमटीचा चमचा हवेत धरून म्हणायचे, “थांबव जरा. हा मुलगा घाबरला की उडी मारतो. आता मारेल बघ.” आणि तो मारायचा. वर्गात शेवटच्या बाकावरचा कोण कधी खिडकीकडे बघेल हे ज्याला आयुष्यभर आधी कळलं, त्याला हे अवघड नव्हतं.

“तुम्ही तर कोच झालात यार, आजोबा.”

“यार कोणाला म्हणतेस?”

“कोचला.”

आणि गेल्या काही आठवड्यांत तिसरा घावही अडायला लागला होता. आधी कधीतरी, मग बऱ्याचदा. मुरलीधररावांनी ते फिजिओथेरपीवाल्याला सांगितलं, उन्मेषला सांगितलं. लिफ्टपाशी गार्डच्या बायकोने विचारलं, “मास्टरजी, क्लास कब से?” तर ते म्हणाले, “होली के बाद. पक्का.” खडू अजून हातात घेऊन बघितला नव्हता. पण अंगठा चालतोय, तर बाकीची बोटंही येतील त्याच्यामागून.

या खेळाची एक स्पर्धा रविवारी होती, गुडगावच्या एका मॉलमध्ये. दोन सामने जिंकले की बंगलोरच्या फेरीत जागा. वल्लरी पहिल्यांदाच घराबाहेर खेळणार होती. लतिकाबाईंनी डबा भरून दिला. “तुम्ही दोघं जा. ते धबाधब बघून माझं डोकं उठतं.”

मेट्रोत राजीव चौकाला गाडी बदलताना गर्दीने त्यांना इतकं रेटलं की पुढच्या गाडीत शिरल्यावर त्यांच्या अंगात काही त्राण उरलं नाही. “अंकल, ज़रा इनको बैठने दीजिए,” वल्लरीने कोणालातरी उठवलं. त्यांनी डोळे मिटले. कालपासून मनात एकच हिशेब चालू होता. ती जिंकली तर त्यात आपल्याही अंगठ्याचा वाटा असणार.

मॉलमध्ये मधल्या मोकळ्या जागेत स्टेज घातलं होतं, वर भलामोठा पडदा. नाव नोंदवणाऱ्या मुलाने मुरलीधररावांकडे बघून अदबीने हात दाखवला. “अंकल, हेल्थ चेकअप का कैंप उस तरफ़ है।”

“ये मेरे प्रैक्टिस पार्टनर हैं,” वल्लरी म्हणाली.

मुलगा हसला, मग ती गंभीर आहे हे बघून उभा राहिला. “सॉरी सर.” त्याने त्यांना पुढची खुर्ची आणून दिली.

पहिला सामना वल्लरीने पटकन जिंकला. समोरचा मुलगा घाबरला होता, नुसता मागे मागे जात राहिला. दुसऱ्याला दिल्लीच्या द्वारकेचा एक कॉलेजातला मुलगा आला. त्याने पहिलवान निवडला. आजोबांचाच पहिलवान! वल्लरीने स्टेजवरून वळून त्यांच्याकडे बघितलं आणि भुवया उडवल्या. याला तर आपण ओळखतो.

खाली एक, खाली दोन. आणि तिसरा पडायच्या आत पहिलवानाने लाठीवालीला कमरेला धरून आपटलं.

पुन्हा तेच. खाली एक, खाली दोन, आपटी.

“अरे मैडम, बीच में इतना गैप!” माइकवरचा निवेदक ओरडला. “चाय पीने गई थीं क्या?” गर्दी हसली.

पुढच्या वेळी मुरलीधररावांनी पहिलवानाकडे बघायचं सोडून लाठीवालीकडे बघितलं. दुसऱ्या घावानंतर तिची लाठी थबकत होती. पापणी लवावी इतकीच. ट्यूटोरियलमध्ये ती तशी थबकत नसे, व्हिडिओंतही नसे. मग ही कुठून शिकली? घरी सोफ्यावर बसून त्यांना हे कधी दिसलं नव्हतं. तिथे सगळं अगदी बरोबर वेळेवर येतंय असं वाटायचं.

मग त्यांचं लक्ष मांडीवरच्या आपल्या हाताकडे गेलं. वल्लरी खेळत होती तसा तो अंगठाही आपोआप उठत होता, टेकत होता. खाली एक. खाली दोन. अंगठा सावकाश वर आला, सावकाश खाली गेला, तेवढाच वेळ लाठी हवेत उभी होती.

ती त्यांच्यासाठी थांबत होती.

पडद्यावर शेवटची आपटी बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वल्लरीने त्या मुलाशी हात मिळवला, पायऱ्या उतरून आली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. तिचे कान लाल झाले होते.

“आजोबा, कुठे चुकले मी?”

हा प्रश्न तपासलेली उत्तरपत्रिका हातात धरून कितीतरी मुलांनी त्यांना विचारला होता. समोरचा मुलगा मुरलेला होता, आवाज फार होता, पहिलीच वेळ होती. यातलं काहीही सांगता आलं असतं, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. ते सांगितलं असतं तर उद्या दुपारी पुन्हा सोफा होता, पहिलवान होता, होळीनंतरचा वर्ग होता.

“तिसऱ्या घावाआधी तू थांबतेस,” ते म्हणाले.

“नाही थांबत.”

“थांबतेस.” त्यांनी डाव्या हाताने गुडघ्यावर ठोकून दाखवलं. टक, टक. मग हात हवेत धरला. मग टक. “हे तुझं. आणि हवं कसं?” टक टक टक.

वल्लरीची नजर त्यांच्या उजव्या हातावर गेली. त्यांनी तो लपवला नाही.

“ते सुरुवातीला हो, आजोबा,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुम्हाला सारखा मार बसायचा, मग तुम्ही कंट्रोलर खाली ठेवून द्यायचात. म्हणून मी ज़रा… पण नंतर मी बंद केलं होतं. मला वाटलं बंद केलं. सच्ची.”

“सवय लागली की कळत नाही.”

“म्हणजे हल्ली तुम्ही अडवायचात ते…”

“ते तू अडवू द्यायचीस.”

तिचे डोळे भरले. ते दुसरीकडे बघत राहिले. वर्गातही कोणी रडायला लागलं की ते फळा पुसायला वळत.

“आता माझ्याबरोबर खेळायचं नाही,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “समोर मशीन लाव, नाहीतर ऑनलाइन पोरं शोध. जोरात खेळणारी.”

“आणि तुम्ही?”

“मी बघेन. बघता येतं मला.”

“आणि होळीनंतर? क्लासचं?”

मुरलीधररावांनी मान वर करून बघितलं. स्टेजवर कोणीतरी माइक तपासत होतं. “पाढ्यांना खडू लागत नाही,” ते म्हणाले. “तेवढं तर होईल.”

वल्लरी उठली. समोरच्या स्टॉलवरून तिने पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या. चालत येतानाच तिने एकीचं झाकण पिळलं, सील मोडल्याचा आवाज झाला, आणि ती बाटली तिने त्यांच्यापुढे धरली. मग तिचा हात थांबला. ती झाकणाकडे बघत राहिली. किती दिवस असं चाललं होतं, ते दोघांपैकी कोणालाच सांगता आलं नसतं.

तिने ती बाटली स्वतःकडे ठेवली आणि त्यांना दुसरी दिली, न उघडलेली.

“थँक यू,” मुरलीधरराव म्हणाले.

पुढचा सामना सुरू झाला होता. वल्लरी मान वर करून पडद्याकडे बघू लागली. तिने एकदाही शेजारी बघितलं नाही. मुरलीधररावांनी बाटली दोन गुडघ्यांत घट्ट धरली, उजव्या हाताची बोटं एकेक करून झाकणाभोवती बसवली आणि पिळायला सुरुवात केली.