वरच्या कोर्टात डेलियाची शपथ

गाडीनं डेलिया गिलहूलीचा खुबा मोडला, त्याला तीन वर्षं झाली. खालच्या कोर्टानं भरपाई दिली आणि विमा कंपनीनं वरच्या कोर्टात अपील ठोकलं. तिथं जुने कागद चाळून भागत नाही. सगळं पहिल्यापासून. तोच अपघात, तेच डॉक्टर, हाडातला तोच खिळा, नव्या न्यायाधीशापुढे पुन्हा सांगायचं. ऐकायला निम्मं गाव बाकांवर येऊन बसलेलं.

पैशाचं तिला एवढं नव्हतं. कंपनीनं तिच्या दुखण्याला सोंग म्हटलं होतं, ते तिला गिळवत नव्हतं.

"एक्काहत्तर वर्षांत मी एक गोष्ट खोटी बोललेली दाखवा," ती मुलाला म्हणाली, "मग खुशाल सोंगाडी म्हणा."

"विकतचा नाताळचा केक बाबांना घरचा म्हणून चारायचीस, ते?" फिन्टन म्हणाला.

"तो संसार होता. गप बस."

कंपनीनं माणूस लावून तिच्या घराचं चित्रण केलं होतं, गेल्या फेब्रुवारीतल्या एका दुपारचं. कोर्टातल्या पडद्यावर तिचं अंगण आलं. दोन्ही हातांत जळणाच्या भरल्या बादल्या घेऊन एक बाई ताठ कंबरेनं झपझप चढ चढत होती. अंगात डेलियाचा हिरवा कोट.

तो कोट अपघाताच्या दिवशी दवाखान्यात कात्रीनं कापून काढला होता. चिंध्या तिनं स्वतः चुलीत घातल्या होत्या.

बाई दाराशी थांबली. वळली. चेहरा डेलियाचाच, भुवईवरच्या व्रणासकट. फक्त त्यावर तीन वर्षांचं दुखणं नव्हतं. आणि ती कुंपणाआडच्या कॅमेऱ्याकडे नव्हे, सरळ कोर्टात बघत होती. डेलियाकडे.

मधल्या सुट्टीत तिचा वकील ड्युइग्नन कानाशी लागला. "तुमची बहीण बॉस्टनला असते ना? ती आली होती म्हणा. मिटलं."

"आली नव्हती."

"कोण बघायला जातंय?"

"बायबलवर हात माझा असणार आहे, तुझा नाही."

"मग निदान ती मी नाही, एवढं तरी म्हणा!"

तेही तिला जमेना. स्वतःचं तोंड ओळखत नाही म्हणणं, हे तरी कुठलं खरं?

सुट्टी संपली. डेलिया शपथ घेऊन साक्षीच्या पिंजऱ्यातल्या खुर्चीवर बसली. कंपनीच्या वकिलानं चित्र पुन्हा लावून त्या चेहऱ्यावर थांबवलं. "ही बाई कोण?"

"मीच," डेलिया म्हणाली. "पण मी त्या दिवशी अंथरुणात होते."

"दोन-दोन डेलिया!" मागून कुणी म्हणालं. "अरे देवा, एकीनंच गाव जेरीला आलंय!"

सगळे हसले. न्यायाधीश हसले नाहीत. "शपथेवर सांगता, ही तुम्हीच?"

"शपथेवर."

भरपाई रद्द झाली. फिन्टननं पुढे येऊन हात दिला. "चल, आई."

आणि डेलियाच्या डोळ्यांदेखत हिरव्या कोटातली डेलिया साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरली, त्याच्या हातात हात घालून ताठ चालत निघाली.

"बघा, कशी टुणटुणीत आहे!" बाकांवरून आवाज आला.

"फिन्टन!" डेलिया ओरडली. एकही मान वळली नाही. तिनं उठायचा जोर केला, खुबा हलेना. दार उघडलं, बाहेरचं ऊन आत आलं, दोघं गेली. पडद्यावरचं अंगण रिकामं होतं.

कारकुनानं पुढचा खटला पुकारला. एक जाडजूड माणूस शपथ घेऊन पिंजऱ्यात चढला, आणि ती बसली होती त्याच खुर्चीवर बसायला मागे सरकू लागला.