कुत्रं नसलेलं घर

चर्चच्या शाळेतला विद्यार्थी अक्षरांच्या आधी कुत्री शिकतो. कुठलं नुसतंच ओरडतं, कुठलं मागून येऊन पोटरी धरतं, कुठल्या घरची बाई कुत्र्याला आवरायच्या आधी घटकाभर मजा बघते, हे त्याला पहिल्या महिन्यातच कळतं. कळावंच लागतं. गुरू फुकट शिकवतो, पण पोट ज्याचं त्यानं भरायचं. अंगावर मेंढीचं कातडं, हातात काठी, आणि लोकांच्या कुंपणाबाहेर उभं राहून हाळी द्यायची, "मरियमच्या नावानं, माय!"

किंदेच्या दोन्ही पोटऱ्यांवर असल्या शिक्षणाचे वण होते. पण सगळ्यांत जास्त भीती त्याला स्वतःच्या घरच्या कुत्र्याची वाटली होती. अंबेसा त्याचं नाव, म्हणजे सिंह. कावळा उडाला तरी गाव डोक्यावर घ्यायचा. बापाला किंदे नांगरामागे हवा होता आणि किंदेला शिकायचं होतं, म्हणून एका पहाटे तो न सांगता निघाला. अंगण ओलांडताना जीव मुठीत धरला होता. अंबेसा भुंकला असता तर बाप उठला असता आणि सगळं तिथंच संपलं असतं. पण अंबेसा भुंकला नाही.

"मरियमनंच त्याचं तोंड धरलं," असं किंदे सोबत्यांना सांगायचा. त्याला खरंच तसं वाटायचं.

पळून आलेला विद्यार्थी आपलं गाव सांगत नाही. बापाला कळलं तर कान धरून परत नांगराला जुंपायचा. किंदेनंही कधी सांगितलं नाही, घरी निरोपही धाडला नाही. मनाशी मात्र एक ठरवलं होतं. शिक्षण पुरं झालं की ताठ मानेनं परत जायचं आणि आईला आपलं किने ऐकवायचं. किने म्हणजे सणावाराला चर्चमध्ये उभं राहून म्हणायची कविता, गिझ या जुन्या धर्मभाषेतली. ती दर वेळी नवी रचावी लागते. कालची आज चालत नाही.

आणि इथंच किंदेचं घोडं पेंड खात होतं. बरोबरीची पोरं तीन-चार वर्षांत रचायला लागली, पुढच्या गुरूकडे गेलीसुद्धा. हा आपला तिथंच.

"पालथ्या घड्यावर पाणी," पोरं म्हणायची. "किंदे, अरे तुझी दाढी पिकेल, पण कविता काही पिकायची नाही!"

गुरू आंधळे होते. सगळे त्यांना येनेता म्हणत. त्यांच्या कानावर हे गेलं. "जाड तवा उशिरा तापतो," ते म्हणाले, "पण इंजेराची भाकर त्याच्यावरच धड निघते. गप बसा रे. किंदे, पुन्हा म्हण."

तो पुन्हा म्हणायचा. ओळ फसायची, येनेता मान हलवायचे, तो ओळ मोडून पुन्हा जुळवायचा. थंडीनं ओठ फुटलेले असायचे, पोटात सकाळचे मूठभर भाजलेले जव असायचे. असं वर्षानुवर्षं चाललं. हुशार पोरं बघितली आहेत पुष्कळ, पण रोज हरून रोज बसणारा असा एखादाच.

एका वर्षी नदीपलीकडून यिर्दाव नावाचा बोलका पोरगा शिकायला आला. सगळे मागून आणलेली इंजेरा एकत्र करून खात होते.

"कसले चावे मोजता!" यिर्दाव म्हणाला. "आमच्या बाजूला एक घर आहे, तिथं कुत्रंच नाही. सरळ दारापर्यंत जायचं. बाई गरम इंजेरा देते, वर आमटी. शिळं नाही. आणि म्हणते, आधी आज काय शिकलास ते म्हणून दाखव."

"तिला गिझ कळतं?"

"ओ का ठो कळत नाही! पण उभी राहून ऐकते. मला धडा अर्धाच येत होता. तरी डोळे पुसत होती, वेडी."

किंदेचा घास हातातच राहिला. "गाव कुठलं?"

"टेकडीवर चर्च आहे, भोवती उंबर. सणाला मी जाणारच आहे. येतोस?"

किंदेच्या गावालाही टेकडीवर चर्च होतं, उंबर होते. पण ते कुठल्या गावाला नसतात? आणि कुत्रं नाही म्हणे! घरात मेंढरं, कुंपणाशी तरस येणार, आणि अंबेसा नाही? बाप एक वेळ मेंढरं विकेल, कुत्रं द्यायचा नाही. तो हसला आणि घास तोंडात घातला.

"नको, तू जा," तो म्हणाला. "माझं अजून पुरं व्हायचंय."

एक तप उलटून गेलं होतं तेव्हा कुठं येनेतांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"येनेता, माझं शिक्षण पुरं झालं?"

"माझं तरी झालंय का?" येनेता हसले. "आता तू एकटा शिकू शकशील, एवढंच झालंय. घरी कुणी आहे का रे तुझं?"

"आई आहे."

येनेतांचं हसू मावळलं. "आणि तू पुरं होण्याची वाट बघत बसलास? जा, आजच्या आज जा."

घराचं कुंपण दिसलं तशी किंदेनं सवयीनं काठी पुढं धरली. कुणी भुंकलं नाही. अंगणात शाळेची पोरं पंगत धरून बसली होती, आणि शेजारची शिताये मावशी टोपलीतून वाढत होती. ती म्हातारी झाली होती. दाढीवाल्या किंदेला तिनं ओळखलं नाही.

"बस, लेकरा. वोर्कनेशला जाऊन आज चाळीस दिवस झाले, त्याचं जेवण आहे. आलेला एकही विद्यार्थी उपाशी जायला नको, असं सांगून गेलीय."

वोर्कनेश त्याच्या आईचं नाव. किंदे पंगतीच्या टोकाला बसला. त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच, "इथलं कुत्रं?"

"ते? पोरगा शिकायला गेला त्याच आठवड्यात तिनं ते भावाकडे नेऊन सोडलं. नवरा हयात होता तेव्हा, काय ओरडला! तरसानं मेंढरं नेली, तरी ऐकेना. म्हणायची, माझा किंदे कुणाच्या तरी कुंपणाशी उभा असेल. मी इथं कुत्रं ठेवलं तर तिथली बाई का आवरेल?" मावशीनं पदरानं नाक पुसलं. "आणि पळाला तेव्हा तरी काय, हिनंच कुत्र्याचं तोंड दाबून धरलं होतं अंधारात. कडकडून चावला मेला. वण होता हातावर. नवऱ्याला सांगितलं, विळा लागला."

पोरं खायची थांबली होती. मावशी म्हणाली, "तू मोठा दिसतोस. तिच्यासाठी एखादं किने म्हण."

किंदे उभा राहिला. जाड तवाच तो, शब्द येईनात. मग एकेक ओळ आली. पोरांनी माना डोलावल्या.

"काय म्हणालास रे?" मावशीनं विचारलं. "आम्हाला कुठं कळतंय?"

"म्हणालो," किंदे आपल्या बोलीत म्हणाला, "आई, सगळं शिकलो. अंबेसा का भुंकला नाही, तेवढं विचारायला यायचं राहिलं."

मावशीच्या हातातली टोपली खाली आली. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि हंबरडा फोडला.

किंदे तिथंच राहिला. आता उंबराखाली तो पोरांना शिकवतो. न जमणाऱ्याला पुन्हा म्हणायला लावतो, कंटाळत नाही, आणि स्वतः अजून रोज एक नवी ओळ जुळवतो. पण पळून आलेलं पोर दिसलं की आधी गावाचं नाव वदवून घेतो आणि आईला निरोप धाडतो. सणाला सगळ्यांना घरी पिटाळतो.

"पण माझा धडा अर्धाच झालाय," एखादं पोर कुरकुरतं.

"अर्धाच म्हण," किंदे म्हणतो. "ती उभी असेल."