पोळ्याचे ठिपके

धुळ्यात साक्री रोडला माझं गॅरेज. जीपच्या कामात लोटन मिस्त्रीचं नाव आहे, आणि हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. तोंडही जरा फटकळच. पण एक्क्याण्णव साली झुलाल आबांच्या जीपने माझी चांगली जिरवली.

आबा साक्रीकडचे. बाजाराच्या दिवशी त्यांची जीप माणसं, कोंबड्या, कांद्याची पोती, सगळं वाहायची. पोळा होऊन चार दिवस झाले आणि ती माझ्याकडे आली. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब दांडा गाडीच्या पोटाखाली फिरतो, तो शाफ्ट. त्याच्या सांध्यातला क्रॉस, म्हणजे चौफुलीसारखा तुकडा, झिजून वाजत होता. मी शाफ्ट उतरवला, त्याचे दोन भाग वेगळे केले, नवा क्रॉस टाकला, ग्रीस भरलं आणि बसवून दिला. दुपारचं जेवण व्हायच्या आत आबा रवाना.

पंधरा दिवसांनी परत हजर.

"लोटन, गाडी थरथर करस."

"कधी?"

"पन्नासना वर."

"मग पन्नासच्या वर नेता कशाला? विमान आहे का ते?"

एरवी आबांनी मला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी ते टायरवर टेकले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांची एकुलती पोरगी पुष्पा जळगावला दिलेली. पहिलं बाळंतपण, सातवा महिना. तिला माहेरी आणायला आबा मोठ्या हौसेने स्वतःची जीप घेऊन गेले. विहीणबाई द्रौपदाबाई आधी स्वतः बसून बघते म्हणाल्या. दोन मैलांत पायाखालचा पत्रा असा थरथरला, की बाई उतरल्या आणि म्हणाल्या, "या खुळखुळ्यात माझी सून बसायची नाही. बाळंतपण इथंच होईल."

"मग भाड्याची गाडी करा ना, आबा."

"आते विहीणबाईना कोनतीबी गाडीवर भरोसा नही." आबा म्हणाले. घरी आबांच्या बायकोने, भिकुबाईंनी, लेकीसाठी खोली सारवून, नवी बाज विणून ठेवली होती. त्यांना काय सांगायचं, म्हणून आबा घरी न जाता सरळ माझ्याकडे आले होते. मला फार वाईट वाटलं.

तीन दिवस मी त्या जीपच्या मागे लागलो. पुढची चाकं मागे, मागची पुढे. इंजिनाखालचे रबर बदलले. थरथर जशीच्या तशी. रस्त्याला शिव्या घातल्या, टायरवाल्याला घातल्या, आबांच्या चालवण्यावरही घसरलो. चौथ्या दिवशी म्हटलं, "आबा, साठवर न्या आणि एकदम न्यूट्रल करा." त्यांनी केलं. इंजिन मंद झालं, थरथर तशीच. म्हणजे इंजिन नव्हे. स्टिअरिंग शांत, म्हणजे पुढची चाकंही नव्हेत. मी मागच्या पत्र्यावर तळवा टेकवला, तर थरथर तिथूनच येत होती. खाली शाफ्ट होता. मी स्वतः हात लावलेली जागा!

शाफ्टचे दोन भाग दातांनी एकमेकांत बसतात. दोन्हीकडचे सांधे एका रेषेत यावेच लागतात, नाहीतर गाडी थरथरते. त्यासाठी दोन्ही भागांवर बाण कोरलेले असतात. आम्ही मिस्त्री लोक तरीही खोलायच्या आधी दोन्हीकडे लाल ठिपका मारतो. त्या दिवशी मी मारला नव्हता, कारण ठिपके आधीच होते. कोण्या जुन्या मिस्त्रीची खूण असेल म्हणून मी ठिपक्याला ठिपका जुळवला होता.

आता पेट्रोलने मळ पुसला, तर खालून बाण निघाले. दोन दात चुकलेले.

"हे ठिपके कोणी मारले हो?"

आबा वाकले. "अरे, पोळाना ठिपका शे तो! मना हातना."

बैलांच्या शिंगांना आणलेला लाल रंग उरला होता. गाडीही वर्षभर बैलासारखीच राबते, म्हणून आबांनी तिलाही धुऊन ठिपके दिले होते. वर, बाजूला आणि चक्क पोटाखाली शाफ्टच्या दोन्ही भागांवरसुद्धा, हात पोचेल तिथे! दुसरं कोणी असतं तर मी गॅरेजबाहेर काढलं असतं. पण बाण न बघता जुळवणारा कोण? मीच की.

बाणाला बाण लावला. सत्तरवर नेली. मागचा पत्रा गप्प. "चाल," आबा म्हणाले, आणि आम्ही तसंच जळगाव गाठलं.

द्रौपदाबाई पाण्याने भरलेला तांब्या मांडीवर घेऊनच जीपमध्ये बसल्या. "खड्ड्यात सांडलं तर माफ. थरथरून सांडलं तर सून इथंच." पाळधी गावापर्यंत सत्तरने गेलो आणि आलो. मी मागे बसून तांब्याकडेच बघत होतो.

बाईंचं लुगडं कोरडं होतं. "मग आधी काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"चूक माझी, अक्का," मी म्हणालो. वीस वर्षांच्या धंद्यात हे वाक्य पहिल्यांदाच तोंडातून निघालं. "न बघता बसवलं."

"नही नही, ठिपका मना व्हता," आबा मध्येच.

"दोघंही चूक अंगावर घेताय, म्हणजे गाडी खरंच नीट झाली," बाई म्हणाल्या. मग दाराकडे तोंड करून हाक मारली, "पुष्पा, पिशवी आण." पोरगी आली, तशी तिच्या हातात त्यांनी तोच तांब्या दिला. "हे घे. वाटेत तहान लागेल."

आबा स्वच्छ काच पुन्हा पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

परतताना पोरगी पुढे, मी मागे. गाडी आता सत्तरवर लोण्यासारखी पळत होती, पण धुळ्यापर्यंत आबांनी ती चाळीसच्या वर नेली नाही. आणि मीही त्यांना एका शब्दाने टोकलं नाही.